कायटोसॅन-पीव्हीए नॅनोतंतूंची जखमेवरची जाळी: द्रावणापासून ओल्या चाचणीपर्यंत

इलेक्ट्रोस्पिनिंगच्या, म्हणजे उच्च व्होल्टेजने पॉलिमरच्या द्रावणातून बारीक तंतू ओढणाऱ्या, यंत्रावर पहिल्या आठवड्यातच छान तंतू निघू शकतात. एसईएमच्या (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या) फोटोत ते गुळगुळीत, एकसारखे, दोनशे नॅनोमीटरच्या आसपास दिसतात आणि प्रकल्प निम्मा झाला असं वाटायला लागतं. मग त्याच जाळीवर पाण्याचा एक थेंब टाकला की ती आक्रसते, पारदर्शक होते आणि बघता बघता विरघळून जाते. जखम तर ओली असते, पाझरते. म्हणून तंतू काढणं हा यातला सोपा भाग. ओली झाल्यावर जाळी टिकते का, आणि तिच्यातून पेशींना घातक असं काही झिरपतं का, खरी मेहनत या दोन प्रश्नांवर लागते. खालची कृती एम.एस्सी., एम.फार्म. किंवा बी.टेक.च्या प्रयोगशाळेत जमेल अशी आहे. तयार होणारी जाळी प्रयोगापुरती आहे. ती माणसाच्या जखमेवर लावायची नाही, स्वतःच्या खरचटलेल्या बोटावरसुद्धा नाही.

हीच जोडी का

१९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांवर दाखवलं की ओलसर राखलेली जखम खपली धरू दिलेल्या जखमेपेक्षा लवकर कातडी धरते. ड्रेसिंगबद्दलचा आजचा विचार तिथून सुरू होतो. नॅनोतंतूंच्या जाळीला हे काम दोन कारणांनी जमतं. तिची छिद्रं बहुतेक जिवाणूंना अडवण्याइतकी बारीक असतात, तरी वाफ आणि हवा जाऊ देतात. शिवाय तंतूंची जाडी आपल्या शरीरातल्या कोलॅजेन तंतूंच्या, म्हणजे साधारण ५० ते ५०० नॅनोमीटरच्या टप्प्यात येते, त्यामुळे पेशी त्यावर पसरतात. मात्र त्याच बारीक छिद्रांमुळे पेशी जाळीच्या आत खोल शिरत नाहीत. ही जाळी वरून घालायचं पांघरूण आहे. खोल खड्डा भरून काढणं तिच्याकडून होणार नाही, आणि फार पाझरणाऱ्या जखमेसाठीही ती नाही.

कायटोसॅन कोळंबी-खेकड्यांच्या टरफलांतल्या कायटिनपासून बनतं. ते रक्त थांबवायला मदत करतं, आम्ल वातावरणात जिवाणूंना रोखतं आणि शरीरात विघटित होतं. अडचण अशी की एकट्या कायटोसॅनचे तंतू काढणं त्रासाचं. त्याची साखळी ताठ असते, आम्लात ती धनभारित होते, एकमेकींना ढकलते, आणि धार सलग ओढली जाण्याऐवजी तुटून फवारा होतो. ९० टक्के असेटिक ॲसिडमध्ये ते जमवलेलं आहे, पण रोजच्या कामाला तो मार्ग नको. पीव्हीए, म्हणजे पॉलिव्हिनिल अल्कोहोल, मात्र सहज धागा देतो, पाण्यात विरघळतो आणि स्वस्तही आहे. म्हणून पीव्हीएच्या आधाराने कायटोसॅन ओढून घ्यायचं.

साहित्य घेताना

पीव्हीएच्या डब्यावर दोन आकडे बघा: रेणुभार आणि हायड्रॉलिसिसचं प्रमाण (मूळच्या असेटेट गटांपैकी किती हायड्रॉक्सिल झाले ते). रेणुभार ८५,००० ते १,२४,००० आणि हायड्रॉलिसिस ८७-८९ टक्के असलेली प्रत सुरुवातीला घ्या. तिच्यात उरलेल्या असेटेट गटांमुळे द्रावणाचा पृष्ठताण कमी राहतो आणि धार लवकर सुटते. ९८-९९ टक्क्यांची प्रत पाण्यात जास्त टिकते, हे खरं. पण ती विरघळवायला ९० अंशांच्या वर जावं लागतं, आणि पृष्ठताण जास्त असल्याने सुईच्या टोकावर थेंब अडून बसतो. तो मार्ग नंतर.

कायटोसॅन कमी रेणुभाराचं आणि किमान ८० टक्के डीअसेटिलेशन झालेलं (कायटिनमधले असेटिल गट निघालेलं) घ्या. स्वस्तातली औद्योगिक प्रत गाळून घेतली तरी तिच्यातले न विरघळणारे कण सुई तुंबवतात. डब्यावर फक्त 'कायटोसॅन' एवढंच लिहिलेलं असेल तर पुरवठादाराकडून तपासणी-पत्र मागवा. त्याशिवाय पुढच्या खेपेला तसंच द्रावण जमेल याची शाश्वती नाही.

बाकी साहित्य: ग्लेशियल असेटिक ॲसिड, सायट्रिक ॲसिड, डिस्टिल्ड पाणी, ५ मिलीची सिरिंज, २१ किंवा २२ गेजच्या सुया, ॲल्युमिनियम फॉइल, केक भाजताना वापरतात तो न चिकटणारा कागद, सिलिका जेल, पीबीएस (पीएच स्थिर ठेवणारं फॉस्फेट-मिठाचं द्रावण).

द्रावण

द्रावण अ: १० ग्रॅम पीव्हीए, ९० ग्रॅम पाणी. पाणी थंड असतानाच ढवळत पीव्हीए हळूहळू भुरभुरवा आणि अर्धा तास फुगू द्या. गरम पाण्यात टाकलं की प्रत्येक कणाभोवती चिकट कवच बनतं, आत कोरडी पूड राहते आणि त्या गुठळ्या दिवसभर ढवळूनही मोडत नाहीत. फुगल्यावर ८० ते ८५ अंशांवर, झाकण ठेवून, दोन ते तीन तास ढवळा. सुरुवातीला झाकणासकट चंचुपात्राचं वजन लिहून ठेवा. थंड झाल्यावर पुन्हा वजन करा आणि उडालेलं पाणी भरून काढा. ही दोन मिनिटांची तसदी टाळली की १० टक्क्यांचं द्रावण नकळत ११ टक्क्यांचं होतं, आणि 'काल चाललेली सेटिंग आज का चालत नाही' हा प्रश्न उभा राहतो.

द्रावण ब: ९७ ग्रॅम २ टक्के असेटिक ॲसिडमध्ये ३ ग्रॅम कायटोसॅन, खोलीच्या तापमानाला रात्रभर ढवळून. नायलॉनच्या दाट कापडातून गाळा. हे द्रावण आठवडाभराहून जास्त ठेवू नका. आम्लात साखळ्या हळूहळू तुटतात आणि चिकटपणा उतरतो.

मिश्रण: १४ ग्रॅम अ, ६ ग्रॅम ब, आणि ०.१३ ग्रॅम सायट्रिक ॲसिड. चार तास सावकाश ढवळा. फेस आला तर रात्रभर स्थिर ठेवा किंवा ३,००० आरपीएमवर पाच मिनिटं सेंट्रिफ्यूज करा. सिरिंजमधला बुडबुडा सुईपर्यंत पोचला की धार तुटते आणि जाळीवर थेंब पडतो.

इथे एका हिशेबाकडे लक्ष द्या, कारण लिहिताना तो सर्रास चुकतो. हे मिश्रण '७०:३०' म्हणून ओळखलं जातं, पण ते द्रावणांचं प्रमाण आहे. १४ ग्रॅम अ मध्ये १.४ ग्रॅम पीव्हीए आहे, ६ ग्रॅम ब मध्ये ०.१८ ग्रॅम कायटोसॅन. म्हणजे या दोन पॉलिमरांत कायटोसॅन ११ टक्क्यांच्या जरा वर, ३० नव्हे. दुसऱ्यांचे निष्कर्ष आपल्याशी ताडताना त्यांचं प्रमाण द्रावणाचं आहे की घन पदार्थांचं, हे आधी शोधा.

जोडणी आणि सुरक्षा

तत्त्व जुनं आहे. फॉर्महाल्स यांचं पेटंट १९३४ चं. विद्युतभाराने थेंबाचा शंकू का होतो, याचं गणित जी. आय. टेलर यांनी १९६४ मध्ये मांडलं, म्हणून त्याला टेलर शंकू म्हणतात. यंत्रात मुख्य वस्तू तीन: सिरिंज पंप, ० ते ३० किलोव्होल्टचा डीसी पुरवठा आणि अर्थिंग केलेला कलेक्टर, म्हणजे तंतू गोळा होतात तो धातूचा पृष्ठभाग (इथे फिरता ड्रम).

सुईचं तिरकं टोक चालत नाही. ते कापून बारीक पॉलिशपेपरवर सपाट घासा आणि आतला भुसा पाणी मारून काढा. टोक तिरकं राहिलं तर धार एका बाजूला ओढली जाते. सिरिंज पंपात सिरिंजचा आतला व्यास भरावा लागतो. यादीतल्या परदेशी ब्रँडचा आकडा आपल्या सिरिंजला लागू असेलच असं नाही. व्हर्निअरने मोजा. व्यासात ५ टक्के चूक झाली तर प्रवाहात १० टक्के होते.

सुई आणि पंप यांत ५० सेंटीमीटरची टेफ्लॉन नळी ठेवा, म्हणजे उच्च व्होल्टेजचं टोक पंपाच्या धातूपासून लांब राहतं. १ मिलीमीटर आतल्या व्यासाच्या अशा नळीत जवळजवळ ०.४ मिली द्रावण अडकून राहतं, ते हिशेबात धरा.

कलेक्टर आणि भिंतीतली अर्थिंग पिन यांच्यात मल्टिमीटर लावून बघा. एक-दोन ओहमच्या आत रोध हवा. फिरत्या ड्रममध्ये बेअरिंगचं ग्रीस वीज अडवतं, म्हणून ड्रमच्या दांड्याला कार्बन ब्रश टेकवलेला असावा. अर्थिंग कच्चं असेल तर ड्रमवर भार साठतो आणि तंतू कलेक्टर सोडून पेटीच्या भिंतींवर, पंपावर आणि तुमच्या बाहीवर जाऊन बसतात.

सगळं ॲक्रिलिकच्या बंद पेटीत असावं आणि दार उघडताच पुरवठा तुटेल असा स्विच असावा. प्रवाह मायक्रोअँपियरमध्ये असला तरी पुरवठ्यात भार साठून राहतो. बंद केल्यावर अर्धा मिनिट थांबा, अर्थिंगला जोडलेली, लाकडी किंवा फायबरची मूठ असलेली सळई सुईला टेकवा आणि मगच हात घाला. एकट्याने, उशिरापर्यंत हे यंत्र चालवू नये. आणि छताचा पंखा बंद ठेवा. पेटीला फटी असतील तर तेवढा वारासुद्धा धार हलवतो.

कताई

सुरुवातीची सेटिंग: प्रवाह तासाला ०.४ मिली, अंतर १३ सेंटीमीटर, सुई २२ गेज, ड्रम १०० ते २०० आरपीएम, तापमान २५ ते ३० अंश, आर्द्रता ३५ ते ४५ टक्के. व्होल्टेज आधीच ठरवून लावू नका. पंप चालू करून टोकाशी थेंब येऊ द्या, मग ८ किलोव्होल्टपासून अर्ध्या-अर्ध्याने चढवा. थेंब आधी लांबट होईल, मग शंकू होऊन त्याच्या टोकातून धार सुटेल. तिथून १ ते २ किलोव्होल्ट वर थांबा. बहुधा हा आकडा १४ ते १८ च्या दरम्यान येतो. मागून काळा कागद आणि बाजूने टॉर्च लावली की धार स्पष्ट दिसते.

किती वेळ लागेल, याचा अंदाज आधीच काढता येतो. सायट्रिक ॲसिड धरून मिश्रणात सुमारे ८.५ टक्के घन पदार्थ आहे. तासाला ०.४ मिली म्हणजे साधारण ०.०३४ ग्रॅम तंतू. १० × १० सेंटीमीटरची, चौरस मीटरला २० ग्रॅम वजनाची जाळी हवी असेल तर ०.२ ग्रॅम लागतील, म्हणजे सहा तास. ८० टक्के पोकळी धरली तर तिची जाडी ८० मायक्रॉनच्या आसपास भरते. कडा विरळ पडतात, त्या कापून टाकाव्या लागतात, म्हणून ४ मिली द्रावण भरून ठेवा. वेळ वाचवायला प्रवाह दुप्पट करण्याचा मोह होतो. तसं केल्यास तंतू ओले पडतात आणि सहा तासांचं काम वाया जातं. घाई असेल तर दुसरी सुई लावा, दोघींत किमान ४ सेंटीमीटर अंतर ठेवून.

पूर्ण जाळी काढण्याआधी कलेक्टरवर काचपट्टी चिकटवून दोन मिनिटं तंतू घ्या आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ४० च्या भिंगातून बघा. तंतूची जाडी त्यात कळणार नाही, पण मणी, थेंब आणि चिकटलेले तंतू लगेच दिसतात. एसईएमची पाळी मिळायला जिथे आठवडे लागतात, तिथे दिवसातून दहा वेळा करता येणारी ही तपासणी फार कामाची.

काय बिघडतं

तंतूंवर मणी दिसले तर द्रावण पातळ आहे. साखळ्या एकमेकींत पुरेशा गुंतलेल्या नाहीत. पीव्हीए १० वरून ११ टक्के करा. चिकटपणा ठीक असूनही मणी येत असतील तर पृष्ठताण जास्त असू शकतो. मग ब द्रावणातलं असेटिक ॲसिड ५० टक्क्यांपर्यंत वाढवून बघा.

तंतू एकमेकांना चिकटून सपाट पट्ट्या झाल्या असतील तर ते कलेक्टरवर ओले पोचत आहेत. अंतर १५ सेंटीमीटर करा, प्रवाह ०.३ वर आणा, पण त्याआधी आर्द्रतामापक बघा. मुंबई-कोकणात पावसाळ्यात खोलीची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. अशा हवेत पाण्यातून काढलेला तंतू वाळणार नाही, बाकी काहीही बदललं तरी. पेटीत सिलिका जेलचे ट्रे ठेवून किंवा कोरडी हवा हळू सोडून आर्द्रता ४५ च्या खाली आणा. उलट विदर्भात एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की थेंब सुईच्या तोंडावरच वाळतो आणि त्याचा पांढरा काटा वाढत जातो. तेव्हा पेटीत ओला स्पंज ठेवा. वाळलेला थेंब पुसायला दर वेळी पुरवठा बंद करावा लागतो, हे विसरू नका.

कायटोसॅनचं प्रमाण वाढवत गेलं की द्रावणाची वाहकता वाढते आणि एका टप्प्यावर धार फुटून बारीक फवारा होतो. तो व्होल्टेज चढवून आवरत नाही, बिघडतो. प्रमाण मागे घ्या. आणखी कायटोसॅन हवंच असेल तर जास्त लांब साखळीच्या पीईओची (पॉलिइथिलीन ऑक्साइडची) एक-दोन टक्के जोड देऊन बघा.

सुईशी सूं-सूं आवाज, अंधारात जांभळट उजेड आणि ओझोनचा वास आला तर हवेतच विसर्ग होतो आहे. व्होल्टेज कमी करा, उघड्या टोकदार जोडण्या इन्सुलेट करा. कलेक्टरवरून कापसासारखे पुंजके सुईच्या दिशेने उभे राहू लागले तर आधी अर्थिंग बघा.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तारीख, तापमान, आर्द्रता प्रत्येक खेपेला लिहा. प्रयोगवहीत आर्द्रतेचा रकाना नसेल तर जुलैचे आणि जानेवारीचे तंतू एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ उरत नाही.

पाण्यात टिकवणं

जाळी ड्रमवरच्या फॉइलसकट ४० अंशांवर, व्हॅक्युम ओव्हनमध्ये रात्रभर वाळवा, मग सोडवा. फॉइलवरून काढताना फाटत असेल तर पुढच्या खेपेला फॉइलवर न चिकटणारा कागद गुंडाळा. कागद पातळ असला तर धार तरीही नीट बसते.

आता क्रॉसलिंकिंग, म्हणजे पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींना बांधणं. सर्वांत जास्त वापरली जाणारी रीत ग्लुटाराल्डिहाइडच्या वाफेची: डेसिकेटरमध्ये २५ टक्के द्रावणाची बशी, वर जाळी, २४ तास. जाळी पिवळसर होते आणि पाण्यात छान टिकते. पण उरलेलं ग्लुटाराल्डिहाइड पेशी मारतं. ते काढायला व्हॅक्युममध्ये दोन दिवस, मग ०.१ मोलर ग्लायसिनच्या द्रावणात धुणं, मग पुन्हा पाण्यात धुणं, आणि एवढं करूनही शंका राहते. जखमेच्या जाळीसाठी सायट्रिक ॲसिड बरं, म्हणून ते आधीच मिश्रणात घातलं. तापवल्यावर ते पीव्हीएच्या हायड्रॉक्सिल गटांशी एस्टरचे पूल बांधतं आणि कायटोसॅनच्या अमाइन गटांनाही धरतं.

जाळी स्टेनलेस स्टीलच्या चौकटीत चारही बाजूंनी चिमट्यांनी ताणून धरा. मोकळी ठेवली तर तंतू मऊ होऊन ती आक्रसते आणि छिद्रं बुजतात. ओव्हन आधी १४० अंशांवर स्थिर होऊ द्या, मग चौकट ठेवा. किती वेळ, हे तुमच्या ओव्हनवर ठरेल, कारण तबकडीवरचा आकडा आणि आतलं तापमान यांत दहा अंशांचा फरक असू शकतो. वेगळा थर्मामीटर आत ठेवा. छोट्या तुकड्यांवर ३०, ६०, ९० आणि १२० मिनिटं अशी मालिका करा. हलका पिवळा रंग अपेक्षित आहे. तपकिरी झाली तर कायटोसॅन जळायला लागलं.

त्यानंतर न जोडलं गेलेलं सायट्रिक ॲसिड धुवून काढायचं. पीबीएसमध्ये दर अर्ध्या तासाने बदलत तीन धुणी, मग डिस्टिल्ड पाण्यात एक, आणि चौकटीतच वाळवणं. शेवटच्या धुण्याचा पीएच ६.५ ते ७.४ दरम्यान आला पाहिजे. ही पायरी गाळली तर पुढची पेशींची चाचणी नापास होते आणि दोष उगाच कायटोसॅनवर जातो.

ओली चाचणी

२ × २ सेंटीमीटरचा न धुतलेला तुकडा वाळवून अचूक वजन करा. ३७ अंशांवर पीबीएसमध्ये २४ तास ठेवा. बाहेर काढून डिस्टिल्ड पाण्यात खंगाळा, नाहीतर पीबीएसमधले क्षार वाळून वजनात मिसळतात. पुन्हा वाळवून वजन करा. घटलेलं वजन १० टक्क्यांच्या आत असेल तर जोडणी चांगली. लक्षात घ्या, आपल्या कृतीत एकूण घन पदार्थात सायट्रिक ॲसिडच सात टक्क्यांहून थोडं जास्त आहे. त्यामुळे घटीतला काही भाग त्याचा असू शकतो. तीन तुकड्यांवर करा आणि एक भिजवून वाळवलेला तुकडा एसईएमला पाठवा. वजन टिकलं पण तंतू फुगून एकसंध पापुद्रा झाला, असंही होतं. तो पापुद्रा म्हणजे साधी फिल्म. नॅनोतंतूंचा फायदा तिथे संपला. अहवालात कोरड्या आणि भिजवलेल्या, दोन्ही जाळ्यांचे फोटो शेजारी-शेजारी द्या. जाडी इमेजजे सॉफ्टवेअरमध्ये किमान तीन फोटोंतल्या १०० तंतूंवर मोजा.

वाफ किती जाते हे मोजायला काचेच्या छोट्या बाटलीत पाणी घ्या, तोंडावर जाळी बांधून कड टेफ्लॉन टेपने सील करा, ३७ अंशांवर २४ तास ठेवून वजनातली घट मोजा. तोंडाचा व्यास १.५ सेंटीमीटर असेल तर क्षेत्रफळ १.७७ चौरस सेंटीमीटर, ०.४ ग्रॅम घट म्हणजे चौरस मीटरला दिवसाला सुमारे २,२६० ग्रॅम. ड्रेसिंगसाठी २,००० ते २,५०० हा टप्पा सहसा योग्य धरतात. शेजारी उघडी बाटली ठेवायलाच हवी. पातळ जाळीचा आकडा अनेकदा उघड्या बाटलीच्या अगदी जवळ येतो. तसं झालं तर तुम्ही जाळीचा नव्हे, बाटलीतल्या हवेच्या थराचा अडथळा मोजला आहे.

ताण-चाचणी कोरड्या आणि ओल्या, दोन्ही तुकड्यांवर घ्या. ड्रेसिंग बदलताना जाळी ओलीच असते.

पेशींची चाचणी आयएसओ १०९९३-५ या पेशीघातकतेच्या मानकाप्रमाणे, एल९२९ या उंदराच्या पेशींवर, अर्क काढून करता येते. ०.५ मिलीमीटरपेक्षा पातळ नमुन्याला दर मिली माध्यमामागे (पेशी वाढवायच्या द्रावणामागे) ६ चौरस सेंटीमीटर जाळी, ३७ अंश, २४ तास. जाळी पाणी पिते, म्हणून ती जेवढं शोषते तेवढं माध्यम वरून जादा घाला, नाहीतर हाती अर्कच उरत नाही. नियंत्रणाच्या, म्हणजे अर्क न दिलेल्या पेशींच्या, तुलनेत जिवंतपणा ७० टक्क्यांखाली गेला तर नमुना पेशीघातक मानतात. अर्कात माध्यमाचा लाल रंग पिवळा पडला तर आम्ल उरलं आहे. पेशींवर टाकण्याआधीच धुण्याच्या पायरीकडे परत जा.

जिवाणूरोधक गुण तपासताना आगरच्या बशीवर चकती ठेवून भोवतालचं स्वच्छ वर्तुळ मोजायची सवय इथे दगा देते. कायटोसॅन जाळीत बांधलेलं असतं, ते आगरमध्ये पसरत नाही, त्यामुळे वर्तुळ दिसत नाही. आणि न धुतलेल्या जाळीभोवती सुंदर वर्तुळ आलं तर ते बहुधा उरलेल्या आम्लाचं असतं. स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि स्यूडोमोनास एरुजिनोसा यांच्या ठरावीक संख्येशी जाळीचा २४ तास संपर्क ठेवून नंतर वसाहती मोजा. पीएच साडेसहाच्या वर गेला की कायटोसॅनचा धनभार उतरतो आणि त्याची ताकदही. जुनाट जखमांचा पीएच अनेकदा ७ च्या वर असतो, तेव्हा निव्वळ कायटोसॅनवर भिस्त ठेवू नये.

औषध घालायचं असेल तर

सिप्रोफ्लॉक्सासिन हायड्रोक्लोराइड पाण्यात विरघळतं, त्यामुळे मिश्रणात सहज जातं आणि तेवढ्याच सहज पहिल्या काही तासांत बाहेर पडतं. शिवाय धुण्याच्या पायरीत बराच भाग निघून जातो, म्हणून किती उरलं ते धुण्याचं पाणी तपासून काढा.

हळदीतल्या कर्क्युमिनचं नेमकं उलट. हळद आणि जखम म्हटलं की १९९५ मध्ये अमेरिकेत दिलं गेलेलं आणि सीएसआयआरने लढून १९९७ मध्ये रद्द करवून घेतलेलं पेटंट आठवतं. तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक गोव्यात जन्मलेले रघुनाथ माशेलकर होते. प्रयोगशाळेत मात्र कर्क्युमिन हट्टी आहे. ते पाण्यात विरघळत नाही, इथेनॉलमधून घातलं तर मिश्रणात स्फटिक होऊन सुई तुंबवतं, उजेडात फिकं पडतं आणि उदासीन किंवा अल्कली द्रावणात वेगाने मोडतं. या पाणी-आधारित कृतीत ते जबरदस्तीने घुसवण्यापेक्षा पीसीएलसारख्या (पॉलिकॅप्रोलॅक्टोन), सेंद्रिय द्रावकात विरघळणाऱ्या पॉलिमरमध्ये घाला. सुटण्याचा वेग मोजताना पीबीएसमध्ये थोडं ट्वीन ८० (विरघळायला मदत करणारं साबणासारखं द्रव्य) घाला. नुसत्या पीबीएसमध्ये ते विरघळतच नाही, आणि 'औषध हळूहळू सुटतं' असा खोटा निष्कर्ष निघतो.

निर्जंतुकीकरण आणि पुढे

ऑटोक्लेव्हची वाफ या जाळीला चालत नाही. यूव्हीचा दिवा फक्त पृष्ठभागावर काम करतो. पेशींच्या चाचणीपुरतं ७० टक्के इथेनॉलमध्ये बुडवून दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा तास यूव्ही पुरतं, पण त्याला निर्जंतुक उत्पादन म्हणता येत नाही. इथिलिन ऑक्साइडच्या चक्रात दमट हवा आणि उष्णता असते, शिवाय वायूचा अवशेष निघून जाऊ द्यावा लागतो. गॅमा किरणांचा २५ किलोग्रेचा डोस वैद्यकीय वस्तूंसाठी रूढ आहे. मुंबईत तुर्भ्याला (ट्रॉम्बे) १९७४ मध्ये सुरू झालेलं आयसोमेड हे भारतातलं या कामाचं पहिलं मोठं केंद्र. गॅमामुळे कायटोसॅनच्या साखळ्या तुटतात, म्हणून ताण आणि वजन-घट या दोन्ही चाचण्या किरण दिलेल्या नमुन्यांवर पुन्हा करा. अहवालात द्यायचे आकडे ते.

प्राण्यांवरील प्रयोगाला संस्थेच्या नैतिक समितीची मंजुरी आधी लागते, आणि तो आराखडा करताना एक गोष्ट ध्यानात ठेवा: उंदराची कातडी खालच्या स्नायूच्या थरामुळे आक्रसून जखम मिटवते, माणसाची जखम मुख्यतः नवी ऊती आणि कातडी वाढून भरते. जखमेभोवती सिलिकॉनची कडी शिवून आक्रसणं रोखलं नाही, तर जाळी लावलेली आणि न लावलेली जखम जवळपास एकाच वेळी मिटते आणि जाळीचा परिणाम त्यात दिसत नाही. माणसासाठीचं उत्पादन म्हटलं की वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ लागू होतात. जाळीत प्रतिजैविक घातलं तर परवान्याची वाट आणखी लांब होते, म्हणून औषध घालायचं की नाही हा निर्णय द्रावण बनवण्याआधीच घ्या.